शिकायला आलोय, मग राजवाडे आणि पार्लमेंट बघायचं कधी? (लंडन आणि आसपास)

रेघोट्या
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसतीच वाचतेय, धागा पहिल्यांदा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. लंडनला एक वर्षाचं मास्टर्स चालू आहे. पहिले चार महिने असाइनमेंट, पार्ट टाइमच्या शिफ्टा आणि चार वाजता होणारा अंधार यातच गेले. परवा बसमधून वेस्टमिन्स्टर ब्रिजवरून जाताना एकदम जाणवलं की या पुलावरून मी निदान चाळीसदा तरी गेले असेन आणि एकदाही खाली उतरलेले नाही. समोर पार्लमेंट, पलीकडे राज्याभिषेकाचं चर्च म्हणजे वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी, आणि मी खिडकीला डोकं टेकून झोपलेली.

म्हणून यादी करायला बसले, तर तिकिटं बघून वही मिटली. टॉवर ऑफ लंडन तीस पौंडांच्या वर, अ‍ॅबी जवळपास तेवढंच, विंडसरही त्याच घरात. रूममेटचं म्हणणं वेगळंच, "हे सगळं आपल्याकडून नेलेल्या पैशावर उभं राहिलंय, वर बघायला पैसेही आपणच द्यायचे?" तिला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही.

तर विचारायचंय हे की, पैसे देऊन बघावं असं नक्की काय आहे? फुकटात काय होतं? आणि दारासमोर फोटो काढून परत येण्यापलीकडे यात काही आहे का?

आळशी_उंट
पहिला सल्ला, वार बघून जा. विंडसर कॅसल मंगळवारी आणि बुधवारी बंद असतो. हे मला कसं कळलं ते विचारू नका. बरं विचाराच, लेक्चर नव्हतं म्हणून मंगळवारी सकाळी वॉटर्लूहून ट्रेन पकडली, तासभर खिडकीतून बघत आरामात गेलो, टेकडी चढलो, आणि गेट बंद. मग नदीकाठी बदकं बघितली आणि परत आलो. बदकं चांगली होती.

दुसरा, रेलकार्ड नसेल तर आधी ते काढ. नाव सोळा ते पंचवीस असलं तरी फुल टाइम विद्यार्थी असशील तर वय जास्त असलं तरी मिळतं, एक तृतीयांश भाडं वाचतं.

सायंतारा
@आळशी_उंट, बदकं =)) =))

रेघोट्या, तू लंडनच्या कुठल्या भागात राहतेस? टॉवर हॅम्लेट्समध्ये असशील तर टॉवर ऑफ लंडन एक पौंडात होतो. खरंच एक. तिथल्या रहिवाशांसाठी सवलत आहे, लायब्ररीचं कार्ड आणि पत्त्याचा पुरावा लागतो. माझी मैत्रीण माइल एंडला राहायची, वर्षभर सांगून सांगून थकले, शेवटी गेली पण कार्ड घरी विसरून गेली आणि पूर्ण तिकीट काढून आत गेली.

मुक्कामपोस्ट
धागा आवडला. जरा लांबण लावतो, कारण ही गोष्ट मला माझं वर्ष संपत आल्यावर कळली आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलोय.

आपण इथे आलो की स्वतःला अर्धे टुरिस्टच समजतो. तसे नसतो आपण. ज्या पत्त्यावर राहतोस तो पत्ता कुठल्यातरी मतदारसंघात येतो, आणि तिथला खासदार तुझाही खासदार असतो. पार्लमेंटची गाइडेड टूर टुरिस्टांना पैसे देऊन मिळते, पण इथल्या रहिवाशांना आपल्या खासदाराच्या ऑफिसमार्फत फुकट मिळू शकते. पोस्टकोड टाकून खासदार कोण ते शोधायचं आणि चार ओळींचा मेल करायचा. पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांची तिकिटंही खासदारांकडूनच मिळतात, दर बुधवारी दुपारी बाराला असतं ते, मात्र त्याला मागणी प्रचंड. टूरला काही आठवडे थांबावं लागतं, त्यामुळे परीक्षा झाल्यावर बघू म्हणू नकोस, आज मेल कर.

आणि याहून मोठी गोष्ट. भारतीय नागरिक म्हणजे कॉमनवेल्थ नागरिक, त्यामुळे स्टुडंट व्हिसावर असलीस तरी इथल्या मतदारयादीत नाव घालता येतं आणि पार्लमेंटच्या निवडणुकीत मतही देता येतं. माझा विश्वासच बसला नव्हता, मला वाटलं कोणीतरी उल्लू बनवतंय. मग काउन्सिलचं पत्र आलं. २०२४ च्या जुलैमध्ये मी एका शाळेच्या हॉलमध्ये जाऊन आपला भारतीय पासपोर्ट दाखवून मत दिलं, पेन्सिलीने फुली मारायची असते, दोरीला बांधलेली पेन्सिल. ज्या देशात अजून बँकवाला माझं आडनाव नीट उच्चारत नाही तिथे मी खासदार निवडत होतो. हसूच येत होतं.

शिवाय यादीत नाव असलं की क्रेडिट हिस्टरीलाही मदत होते, म्हणजे रोमँटिक नसलेलं कारणही आहे.

रेघोट्या
काय सांगताय!! हे आमच्या ओरिएंटेशनमध्ये कोणी चुकून बोललं नाही. सायकलचं कुलूप कसं लावायचं यावर मात्र वीस मिनिटं होती.

जुनाखलाशी
मुक्कामपोस्ट यांनी चांगलं सांगितलं. मी शिकायला आलो त्याला आता तीस वर्षं होतील, म्हणून काकांचा अधिकार गाजवून थोडं इतिहासाचं सांगतो.

पार्लमेंटला गेलीस की सगळे सोन्याच्या सिंहासनाचे आणि हिरव्या बाकांचे फोटो आठवत पुढे धावतात. तू वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये थांब. नुसतं थांब. १०९७ मध्ये बांधायला घेतलेला हॉल आहे तो, वरचं लाकडी छत चौदाव्या शतकाच्या अखेरचं, मध्ये एकही खांब नाही. १८३४ च्या आगीत जुना राजवाडा जळाला तेव्हा हा हॉल वाचला, आपण बाहेरून बघतो ते बाकीचं सगळं त्यानंतरचं. ती आग कशाने लागली माहितीये? हिशेबाच्या जुन्या लाकडी पट्ट्या निकालात काढायच्या म्हणून भट्टीत कोंबल्या आणि भट्टी भडकली. सरकारी रद्दी जाळताना सरकारच जाळलं.

याच हॉलमध्ये १६४९ च्या जानेवारीत पहिल्या चार्ल्स राजावर खटला चालला. आणि याच हॉलमध्ये १७८८ पासून ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालला, तोच हेस्टिंग्ज, ज्याच्या कारकिर्दीत मराठ्यांशी पहिलं युद्ध झालं आणि १७८२ चा सालबाईचा तह झाला. बनारसचा चेतसिंग, अवधच्या बेगमा, ही सगळी नावं इथे वर्षानुवर्षं घेतली गेली. सात वर्षं चाललं ते आणि शेवटी १७९५ मध्ये तो निर्दोष सुटला. मी पहिल्यांदा तिथे उभा होतो तेव्हा शेजारी शाळेची सहल आलेली, पोरं फरशीवर बसून डबे खात होती. ते चित्र अजून डोळ्यासमोर आहे.

बाहेर आलीस की क्रॉमवेलचा पुतळा आहे, राजाविरुद्ध लढलेला पार्लमेंटचा सेनापती तो. त्याच्या समोर रस्त्यापलीकडे सेंट मार्गारेट चर्चच्या भिंतीत एक छोटासा चेहरा बसवलाय, तो चार्ल्सचा. ज्याचं डोकं उडवलं तो आणि ज्याने उडवायला लावलं तो, दोघे समोरासमोर.

टिंबटिंब
काका, पुढची गोष्ट राहिली. राजेशाही परत आल्यावर क्रॉमवेलचं प्रेत उकरून त्याचं डोकं त्याच वेस्टमिन्स्टर हॉलवर भाल्याला लावलं होतं. फिरत फिरत ते डोकं १९६० मध्ये केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात पुरलं, तो तिथलाच विद्यार्थी. नक्की कुठे ते सांगत नाहीत. शिक्षण अर्धवट सोडलेल्या पोराला कॉलेजने तीनशे वर्षांनी परत घेतलं म्हणायचं.

पण माझा मुद्दा रूममेटच्या बाजूचा आहे. टॉवरमध्ये कोहिनूर बघायला सरकत्या पट्ट्यावर उभं राहायचं, फोटो काढायचा नाही, पट्टा पुढे नेईल तसं पुढे जायचं. १८४९ मध्ये दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून तहात लिहून घेतलेला हिरा, नंतर इथे आणून १८५२ मध्ये परत पैलू पाडले तेव्हा १८६ कॅरटचा १०५ वर आला. आणि तो बघायला आपण रांगेत. मी गेलो, बघितला, आणि खरं सांगू? चिडायला गेलो होतो पण चिडही आली नाही नीट, पट्टाच संपला. मागे फिरून परत दोनदा गेलो. तिसऱ्यांदा आली.

सायंतारा
@टिंबटिंब, म्हणून जाऊच नये का मग? मला उलट वाटतं. न बघता चिडणं सोपं आहे. बघून आल्यावर निदान कशावर चिडायचं ते कळतं. २०२३ च्या राज्याभिषेकाला राणी कमिलाने कोहिनूरचा मुकुट घातला नाही, दुसरा घातला, ते उगीच नव्हे. म्हणजे त्यांनाही माहितीये.

टिंबटिंब
जाऊ नये असं कुठे म्हणालो, मी तर तीनदा पट्ट्यावर उभा राहिलो :) फक्त जाताना डोकं क्लोकरूममध्ये ठेवू नये एवढंच.

मुक्कामपोस्ट
आपल्या लोकांच्या खुणाही बघ गं, राजवाड्यांइतक्याच राजकीय आहेत आणि बहुतेकांना तिकीट नाही.

दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये फिन्सबरी सेंट्रलमधून पाच मतांनी निवडून आले. पाच! त्यांनी पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतली. त्याआधी १८८६ मध्ये हॉबर्नमधून पडले होते. म्हणजे त्यांना मत देणारे तिथले कारागीर, दुकानदार, भाडेकरू, हेच. मी मत दिलं तेव्हा हेच डोक्यात होतं.

मेडा व्हेलला हाउली प्लेसमध्ये १० नंबरच्या घरावर लोकमान्य टिळकांची निळी पाटी आहे, १९१८-१९ मध्ये ते तिथे राहायचे, चिरोल या इंग्रज पत्रकारावर केलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी आले होते. खटला हरले, पण तेवढ्यात पार्लमेंटच्या समितीपुढे साक्षही देऊन आले. घर खाजगी आहे, बाहेरूनच बघायचं, बेल वाजवायची नाही.

आणि प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला असताना इथे राहत. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं, आता आत स्मारक आहे. इथे मात्र आत जाता येतं. एकदा पैसे संपल्याने शिक्षण अर्धवट टाकून परत जावं लागलेला माणूस, पैसे साठवून पुन्हा आला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाला. फी इन्स्टॉलमेंटमध्ये भरणाऱ्यांनी ही खोली बघावीच.

जुनाखलाशी
मुक्कामपोस्ट, यात एक दुवा जोडतो. तेच बाबासाहेब १९३० मध्ये गोलमेज परिषदेला आले. उद्घाटन पार्लमेंटच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, राजा पाचव्या जॉर्जच्या हस्ते, आणि पुढच्या बैठका सेंट जेम्स राजवाड्यात. आठव्या हेन्रीने बांधलेला राजवाडा तो. पॉल मॉलच्या टोकाला लाल विटांचं दुहेरी मनोऱ्याचं दार दिसेल, समोर पहारेकरी. सगळे बकिंगहॅमकडे जाताना त्याच्यासमोरून निघून जातात. माझं म्हणणं, किंग हेन्रीज रोडवरून निघायचं, रीजंट्स पार्कमधून चालत थेट त्या दारापर्यंत यायचं. तासाभराचं चालणं आहे. त्यांना मध्ये आठ-नऊ वर्षं लागली.

आळशी_उंट
काका, हे चालायला मी पण येतो. (वार शनिवार ठेवा.)

फुकटात आणखी एक सांगतो. पार्लमेंट स्क्वेअरवरच सुप्रीम कोर्ट आहे, तिकीट नाही, बॅग तपासतात आणि आत. खटला चालू असेल तर मागे बसून ऐकता येतं. आणि प्रिव्ही कौन्सिलही तिथेच बसते, इंग्रजांच्या काळात आपली शेवटची अपिलं जिथे जायची ती, ताई महाराज प्रकरणात (दत्तकाचा वाद) टिळकांचं अपीलही तिथेच गेलं.

जुनाखलाशी
जरा दुरुस्ती. कौन्सिल तीच, इमारत ती नव्हे. सुप्रीम कोर्ट त्या इमारतीत २००९ ला आलं, त्याआधी प्रिव्ही कौन्सिल डाउनिंग स्ट्रीटवर बसायची. तिथे आता आपल्याला १९८९ च्या लोखंडी गेटपासूनच बघावं लागतं.

आळशी_उंट
घ्या, अर्धी माहिती टाकली की काका हजर. धन्यवाद काका.

बॅगेवरून आठवलं, माझा दुसरा पराक्रम. गोदामातली शिफ्ट संपवून थेट पार्लमेंटची पब्लिक गॅलरी बघायला गेलो, आणि बॅगेत खोके कापायचा कटर. मशीनमधून बॅग गेली आणि सगळे एकदम सभ्य झाले. आवाज न चढवता वीस मिनिटं प्रश्न, कुठे काम करतोस, कधीपासून, हा कशाला. शिफ्टचा मेसेज आणि कामाचं कार्ड दाखवलं म्हणून सुटलो, कटर गेला, आणि त्या दिवशीची चर्चाही हुकली. चूक शंभर टक्के माझी. शिफ्टवरून थेट जाऊ नका.

खडूफळा
जर्मनीतून डोकावतोय. तुमचं सगळं लंडन लंडन चाललंय म्हणून आमचं थोडक्यात. बर्लिनला राइशटागचा काचेचा घुमट फुकट आहे, फक्त आधी ऑनलाइन नाव नोंदवायचं आणि पासपोर्ट न्यायचा. चक्राकार उतारावरून वर चढत जातो आणि खाली संसदेचं सभागृह दिसतं, म्हणजे जनता वर आणि खासदार खाली. टूर घेतली तर आतल्या भिंतींवर १९४५ मध्ये सोव्हिएत सैनिकांनी कोळशाने लिहिलेली नावं दाखवतात, ती मुद्दाम पुसलेली नाहीत.

आणि सव्वीसच्या आत असाल तर फ्रान्समधला व्हर्सायचा राजवाडा आताच करा. युरोपियन युनियनमध्ये राहणाऱ्यांना सव्वीस पूर्ण होईपर्यंत फुकट, नागरिकत्व बघत नाहीत, रेसिडेन्स परमिट चालतं. मी वाढदिवसाच्या आठवडाभर आधी पळत गेलो. ज्या आरसेमहालात १८७१ ला जर्मन साम्राज्य जाहीर झालं, तिथेच १९१९ ला त्यांना तहावर सही करायला लावली. त्या तहावर बिकानेरच्या गंगासिंह महाराजांचीही सही आहे.

अवांतर: फ्लॉरेन्सला कोणी गेलं तर काशीने नावाच्या बागेच्या अगदी टोकाला जा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना १८७० च्या नोव्हेंबरात तिथे वारले, ऐन विशीत. दोन नद्यांच्या संगमावर दहन झालं आणि तिथे त्यांची छत्री आणि अर्धपुतळा आहे, शेजारच्या पुलाचं नावच 'भारतीयाचा पूल' अशा अर्थाचं. बागेत पळायला येणारी माणसं बाजूने जातात, कोणी वर बघत नाही. परदेशात एकटं आजारी पडून राहिलेल्या कुणीही तिथे पाच मिनिटं बसून बघावं. मला बोलता आलं नव्हतं.

सायंतारा
खडूफळा, हे अजिबात माहीत नव्हतं. वाचून गलबलले.

मी एडिनबरोला होते म्हणून तिथलं एकच सांगते. स्कॉटलंडच्या राजांना ज्या दगडावर बसवून राज्याभिषेक व्हायचा तो दगड १२९६ मध्ये इंग्लंडच्या राजाने उचलून वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत नेला. १९५० च्या नाताळात चार स्कॉटिश विद्यार्थ्यांनी अ‍ॅबीत घुसून तो परत पळवला. काढताना त्याचे दोन तुकडे झाले! काही महिन्यांनी सापडला, परत लंडनला गेला, आणि १९९६ मध्ये अधिकृतपणे स्कॉटलंडला आला. आता पर्थच्या म्युझियममध्ये आहे, २०२४ पासून, आणि बघायला फुकट. टिंबटिंब, बघ, सगळे पट्ट्यावर उभे राहत नाहीत.

टिंबटिंब
व्हिसाच्या अटी वाचून सांगतो.

सायंतारा
=))
हो आणि अ‍ॅबीचं राहिलंच. तिकीट परवडत नसेल तर संध्याकाळच्या इव्हनसाँगला जा, बहुतेक दिवशी पाचच्या सुमारास असतं, फुकट. पण ती प्रार्थना आहे, फिरता येत नाही, फोटो नाही. गायकांच्या जवळच्या बाकांवर जागा मिळाली तर १०६६ पासून जिथे राज्याभिषेक होतात ती जागा अगदी पुढ्यात असते. धर्म कुठला कोणी विचारत नाही. मी सबमिशनच्या आठवड्यात रोज जायचे, नुसतं बसायला.

रेघोट्या
धागा वर काढतेय, तीन आठवड्यांनी.

मेल केला. मतदार नोंदणीचा फॉर्म भरला. टूरची वाट बघत बसण्यापेक्षा काल पब्लिक गॅलरीला गेले, बॅगेत फक्त वही (आळशी_उंट, तुझ्यामुळे दोनदा तपासली). वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये काकांनी सांगितल्यासारखी थांबले. गारठा जाणवतो तिथे, बाहेरपेक्षा जास्त.

मग सेंट्रल लॉबीत आले आणि नेमकी सभापतींची मिरवणूक निघायची वेळ झाली. रोज कामकाज सुरू होण्याआधी निघते म्हणे. सगळे एकदम भिंतीला लागून उभे. एक पोलीस अधिकारी खणखणीत ओरडला, "हॅट्स ऑफ, स्ट्रेंजर्स!" आणि तिथल्या पोलिसांनी टोप्या काढल्या. काळे झगे, खांद्यावर सोनेरी राजदंड घेतलेला माणूस, बुटांचा आवाज, मिनिटभरात सगळं संपलं. शेजारच्या आजींनी सांगितलं की स्ट्रेंजर म्हणजे इथे खासदार नसलेला कोणीही, गॅलरीचं नावही २००४ पर्यंत स्ट्रेंजर्स गॅलरीच होतं. म्हणजे त्या आजी, जन्म लंडनमधला, त्याही स्ट्रेंजरच. मला उगाच बरं वाटलं.

आत काचेमागून बघायचं असतं, आवाज बाकाच्या स्पीकरमधून येतो. साडेसहाशे खासदार आणि बसायला जागा ४२७, असं वाचून गेले होते, प्रत्यक्षात पंधराएक जण होते आणि विषय होता बसचे मार्ग. माझ्याच रूटसारखी एक बस बंद होणार म्हणून एक बाई पोटतिडकीने बोलत होत्या. चक्क पाऊण तास ऐकलं.

रूममेटला सांगितलं. ती म्हणाली, "पुढच्या वेळी मीपण येते, पण पैसे द्यायचे नाहीत." म्हटलं, नाहीच द्यायचे.

आणि आज सकाळी खासदारांच्या ऑफिसचं उत्तर आलं! टूरची तारीख दिलीये, पण दुसऱ्याच दिवशी माझं डिझर्टेशन प्रपोझल आहे. जाऊ की पुढची तारीख मागू?

मुक्कामपोस्ट
जा. प्रपोझल आदल्या आठवड्यात संपव.

जुनाखलाशी
जा गं. हॉलमध्ये या वेळी वर छताकडे बघ, मागच्या वेळी तू खालीच बघत होतीस असं वाटतंय.

आळशी_उंट
आधी वार कोणता आहे ते बघ.